बोटीचा आवाज कुणाच्या कानी?

वारा पडलेल्या पहाटे भरतीवर बोटी निघाल्या की त्यांची धडधड पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांत, पानवेलींच्या आड दडलेल्या घरांतही येऊन पोचते. आधी एक, तिच्यामागून दुसरी, मग सगळं मिसळून एकच गुरगुर. पूर्वी नुसत्या आवाजावरून बोट कोणाची ते कळायचं, असं जुनी माणसं सांगतात. एका सिलिंडरच्या इंजिनाचा ठोका सुटा असतो, मोजता येतो. सहा सिलिंडरचे ठोके एकमेकांत विरघळतात, म्हणून आता ओळख पटत नाही.

इंजिनाच्या धुराचा आवाज दाबण्याचं तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. तरीही केळव्यापासून डहाणूपर्यंतच्या बंदरांवर नजर टाकली, तर बहुतेक मच्छीमार बोटींवर एक उभं धुराडं आणि त्यात फार तर एखादा पत्र्याचा डबा, एवढाच बंदोबस्त दिसतो. हे अडाणीपणामुळे होतं असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आवाज दाबण्याच्या प्रत्येक उपायाला किंमत आहे आणि प्रत्येक उपाय तो आवाज एकाच्या कानावरून काढून दुसऱ्याच्या कानावर टाकतो. या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर आधी उपाय पाहिले पाहिजेत, मग ते कान.

शिडाकडून इंजिनाकडे

मुंबई राज्यात मासेमारीच्या होड्यांवर इंजिन बसवण्याचं काम स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत सुरू झालं आणि पंचवार्षिक योजनांच्या काळात पसरलं. केरळात १९५० च्या दशकात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाने नव्या घडणीच्या बोटी आणल्या. आपल्याकडे मात्र चालत आलेल्या लाकडी होड्यांतच इंजिन बसवण्यावर भर राहिला. त्या काळच्या लिखाणात ‘सातपाटी’ आणि ‘वर्सोवा’ ही होड्यांच्या घडणींची नावं म्हणून येतात. सातपाटीची होडी पोटाला ऐसपैस आणि कण्याला मजबूत असल्याने इंजिनाचं वजन व हादरे ती पेलू शकत होती.

ही पार्श्वभूमी सांगण्याचं कारण असं की होडी शिडासाठी घडली होती. तिच्या पोटात इंजिनाला जागा करून दिली गेली. धूर बाहेर काढायच्या नळीसाठी वेगळी जागा कोणी आखली नव्हती. जिथून सोय होईल तिथून, बहुधा केबिनच्या मागून किंवा बाजूने, नळी वर नेली गेली. पुढे बोटी लांबल्या, इंजिनं मोठी झाली, फायबरच्या बोटी आल्या. नळीची वाट फारशी बदलली नाही.

ठोका कसा तयार होतो

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा जळलेला वायू बाहेर फेकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो एकदम सुटतो. हाच तो ठोका. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर सेकंदाला ७५ ठोके पडतात, म्हणजे मूळ सूर ७५ हर्ट्झचा. हा खालचा सूर पकडायला फार अवघड.

अवघड का, ते आकड्यांतून कळतं. ४०० अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर असतो. म्हणजे ७५ हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. सायलेन्सरचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे नळीच्या मध्ये एकदम रुंद होणारा डबा. लाट रुंद जागेत शिरताना आणि पुन्हा अरुंद नळीत जाताना परतते, आणि परतलेल्या लाटा येणाऱ्या लाटांना मारतात. डबा लाटेच्या चतुर्थांश लांबीचा असेल तेव्हा हे सर्वांत चांगलं साधतं. म्हणजे इथे पावणेदोन मीटर. त्याचा व्यास नळीच्या तिप्पट धरला, तर हिशेबाने फार तर १३ डेसिबल घट मिळते. चौपट केला तर १८. नळी चार इंचांची असली तर सोळा इंच व्यासाचं, पुरुषभर लांबीचं, तापून लाल होऊ पाहणारं पिंप केबिनशेजारी ठेवायचं कुठे?

दुसरा प्रकार शोषणाचा: भोकं पाडलेली नळी आणि तिच्याभोवती काचलोकर. वरच्या पट्टीची फुसफुस आणि शिट्टी ती छान गिळते, पण खालच्या ठोक्यापुढे तिचं फारसं चालत नाही. त्यात डिझेलची काजळी लोकरीत बसते आणि काही हंगामांत ती दगडासारखी होते. त्यामुळे बाजारात मिळणारे चांगले सायलेन्सर दोन्ही प्रकार एकत्र करतात आणि एका लांब डब्याऐवजी आत दोन-तीन कप्पे पाडतात.

अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम यांनी १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तीच कल्पना इंजिनांकडे वळवली. त्यांचे वडील मशीनगनचे जनक. बापाने आवाज वाढवला, लेकाने तो दाबायला घेतला.

कोरडं धुराडं

आपल्या किनाऱ्यावर चालतं ते हेच. वायू गरमच वर जातो, धूर डोक्यावरून निघून जातो, बोटीच्या कुशीला भोक पाडावं लागत नाही. नळी फुटली तर डोळ्यांना दिसते आणि बोईसर-पालघरचा कोणताही वेल्डर ती जोडून देतो. समुद्रात चार-सहा दिवस काढणाऱ्या तांडेलाला या साधेपणाचं मोल कळतं.

तोटेही उघड आहेत. चारशे अंशांची नळी लाकडाजवळून जाते, म्हणून तिला गुंडाळावं लागतं. पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी वापरत, तिचे धागे फुप्फुसाला घातक असल्याचं आता ठाऊक आहे. काचेच्या धाग्याची किंवा सिरॅमिकची पट्टी हा आजचा पर्याय. पण मोठा तोटा आवाजाचा. धुराड्याचं तोंड सुकाण्याजवळ, खलाशांच्या डोक्यापासून काही हातांवर असतं.

‘सायलेन्सर काढला की इंजिन मोकळं पळतं,’ हे वाक्य प्रत्येक बंदरावर ऐकू येतं. यातलं खरं किती? वायूला बाहेर पडताना जो विरोध होतो त्याला बॅक प्रेशर म्हणतात. बहुतेक उत्पादक साधारण १० किलोपास्कलच्या आसपास मर्यादा घालतात. म्हणजे सुमारे एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. त्यापुढे गेलं की धूर काळा होतो, इंजिन तापतं, डिझेल जास्त लागतं. योग्य मापाचा सायलेन्सर या मर्यादेच्या बराच आत राहतो. अडचण मापाची आहे. सरळ नळीतला विरोध व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो, त्यामुळे व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तरी विरोध दीडपटीहून जास्त होतो. अंदाजाने बनवलेला डबा, आत आडवे पत्रे, वर दोन हंगामांची काजळी. मग मालक पत्रे तोडून टाकतो आणि इंजिन खरोखरच मोकळं पळतं. त्याचा अनुभव खोटा नाही, फक्त त्याने दोष सायलेन्सर या वस्तूला दिला, बनावटीला नाही. डिझेलवरच्या कराच्या परताव्याची रक्कम हातात यायला वेळ लागत असेल तर लिटर-लिटरचा विचार होणारच.

पाणी घातलेला एक्झॉस्ट

जगभरच्या हौशी मोटरबोटी आणि यॉट यांचा मार्ग वेगळा आहे. इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणीच मॅनिफोल्डपुढच्या एल्बोत धुरावर फवारतात. चारशे अंशांचा वायू क्षणात पन्नास-साठ अंशांवर येतो. याने दोन गोष्टी होतात. केल्व्हिनच्या मापाने तापमान निम्मं झालं की वायूचं आकारमानही निम्मं होतं, तो सावकाश वाहतो आणि फुसफुस घटते. शिवाय थंड वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास येतो, लाट आखूड होते आणि पावणेदोन मीटरच्या डब्याचं काम सव्वा मीटरमध्ये भागतं. पुढची नळी रबराची चालते, हादरे बोटीच्या अंगात उतरत नाहीत.

यातला हुशार भाग म्हणजे वॉटरलॉक. इंजिनापेक्षा खाली बसवलेल्या बंद डब्यात पाणी साचतं. वायूचा दाब वाढला की तो ते पाणी घोटाघोटाने वर ढकलतो, वळणावरून पलीकडे टाकतो आणि ते बोटीबाहेर पडतं. इंजिन बंद केलं की नळीतलं उरलेलं पाणी डब्यात परत येतं. म्हणून डबा तेवढं सामावून घेईल इतका मोठा हवा. किनाऱ्यावर उभं राहून मागच्या नळीतून पाण्याच्या गुळण्या टाकणारी बोट पाहिली असेल, तर ती याच जातीची.

मग ही पद्धत सातपाटी-मुरब्याला का रुजली नाही? पहिलं कारण गाळ. इथे उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. ओहोटीला खाडीतल्या बोटी चिखलात बसतात. समुद्राचं पाणी ओढणारं तोंड गाळाने भरलं आणि पंपाचा रबरी इम्पेलर झिजला, की फवारा थांबतो आणि रबरी नळी काही मिनिटांत जळते. दुसरं कारण जास्त भीतीचं. इंजिन लागत नाही म्हणून स्टार्टर सारखा मारत राहिलं, तर प्रत्येक फेरीला पंप पाणी टाकतो, पण ते बाहेर ढकलायला वायूचा दाब नसतो. डबा भरतो, पाणी मॅनिफोल्डमध्ये चढतं, तिथून सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्याची नळी जलरेषेच्या वर वळवून तिला हवेचा व्हॉल्व्ह दिला नसेल, तर बंद बोटीतही पाणी आपोआप ओढलं जाऊन हेच घडतं. खाऱ्या पाण्यात एल्बो गंजतो तो वेगळाच. हे सगळे दोष टाळता येतात, पण टाळण्यासाठी लागणारी शिस्त रविवारी फिरणाऱ्या बोटीला परवडते, पापलेटच्या मागे रात्र-रात्र धावणाऱ्या बोटीला तितकी नाही. माझ्या मते इथे मच्छीमारांची बाजू भक्कम आहे.

धूर पाण्याखाली

तिसरा मार्ग धूर थेट पाण्याखाली सोडण्याचा. लहान फायबरच्या होड्यांमागे टांगलेली आउटबोर्ड इंजिनं हेच करतात. धूर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) तुंब्यातून पाण्यात जातो आणि आवाज पाण्याच्या थराखाली झाकला जातो. अमेरिकेत दारूबंदीच्या काळात, १९२० ते १९३३ या वर्षांत, चोरटी दारू आणणाऱ्या बोटी पाण्याखालच्या एक्झॉस्टवर भरवसा ठेवत. आपल्याकडच्या मोठ्या बोटींना हा मार्ग का जड जातो? नळीचं तोंड पाण्याखाली तीस सेंटिमीटर असलं तरी तीन किलोपास्कल दाब तिथेच खर्ची पडतो. वेगाने धावणाऱ्या बोटीत तोंडामागे पोकळी तयार होऊन वायू ओढला जातो; सात-आठ नॉटने, पाणी कापत जाणाऱ्या मासेमारी बोटीला ते सुख नाही. म्हणून मंद गतीसाठी जलरेषेवर एक छोटी आडवाट ठेवावी लागते.

कान पहिला: खलाशाचा

इथून पुढे मतभेद सुरू होतात. आरोग्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा: बहिरेपण हळूहळू येतं, आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर जातात, माणसाला ते कळतही नाही. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ डेसिबलला एक तास. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल हा आकडा चालतो. दोन्ही आकड्यांमागे गृहीत आहे की पाळी संपल्यावर कामगार शांत घरी जातो. खलाशी इंजिनाशेजारीच झोपतो.

याला उत्तर असं दिलं जातं की मासेमारीच्या तासांत इंजिन बहुधा बंदच असतं. डोल जाळं ओढीवर ताणलेलं असतं, पापलेटचं तरंगतं जाळं बोटीसकट वाहत राहतं. आवाज असतो तो जाण्या-येण्याचा. हे खरं आहे. पण मासा जितका दूर गेला तितकं जाणं-येणं लांबलं, हेही तितकंच खरं. जाळ्याजवळची दोन बोलणी, बोटीतून पडलेल्याची हाक, वायरलेसवरचा इशारा, मोठ्या जहाजाचा भोंगा, यातलं काय काय धडधडीत बुडतं हा तर आरोग्यापलीकडचा, जिवाचा प्रश्न आहे.

तांत्रिक बाजूने इथे एक अडचण आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, सुकाण्यापाशी धुराड्याचा आवाज १०० डेसिबल आणि इंजिनाच्या अंगाचा ९५. दोन्ही मिळून होतात सुमारे १०१. आता उत्तम सायलेन्सर लावून धुराडं २० डेसिबलने खाली आणलं, तरी इंजिनाचे ९५ तसेच राहतात. वीस डेसिबलच्या खर्चात खलाशाच्या पदरात सहाच पडले. इंजिनघराला जाड झाकण, फटी बुजवणं, इंजिनाखाली रबरी पाय, हे सायलेन्सरबरोबर केलं तरच फरक पडतो, आणि झाकण लावलं की इंजिनाला हवा कुठून द्यायची हा नवा प्रश्न उभा राहतो.

कान दुसरा: किनाऱ्याचा

किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र इंजिनाच्या अंगाचा नव्हे, धुराड्याचाच आवाज येतो, कारण तो उघड्यावर सुटतो. म्हणजे सायलेन्सरचा मोठा लाभ गावाला, खर्च बोटमालकाला. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार ४० किलोवॅटपेक्षा मोठं इंजिन असलेल्या हौशी बोटीचा आवाज २५ मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त नको. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. या हिशेबाने ७५ डेसिबलची बोट ८०० मीटरवर ४५ डेसिबल ऐकू यावी. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा नेमकी ४५ आहे. पण शांत पाण्याचा पृष्ठभाग ध्वनी शोषत नाही, आणि पाण्यालगतची हवा वरच्यापेक्षा थंड असेल तर आवाज वर उडून न जाता खाली वाकतो. पहाटेची धडधड माहीमच्या वाड्यांत येते ती अशी.

मोजण्याच्या पट्टीवरही वाद आहे. नियमांतले डेसिबल ‘ए’ पट्टीचे असतात. ही पट्टी ७५ हर्ट्झचा सूर सुमारे २३-२४ डेसिबलने कमी धरते. कानालाही खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ते एका अर्थी योग्यच. पण तोच सूर भिंतीतून, खिडकीतून आत येतो आणि तावदान थरथरवतो. मीटर म्हणतो ठीक, झोप म्हणते नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. गाव मासेमारीवर उभं राहिलं. पर्यटक, बंगले आणि त्यांची झोप नंतर आली. केळव्याला सुट्टीत येणाऱ्याने कोळ्याच्या इंजिनाची तक्रार करावी हे अनेकांना खटकतं, मलाही. फेरीबोटींचा प्रश्न थोडा वेगळा. विरार-जलसार रो-रो २०२५ च्या सुरुवातीला सुरू झाली; ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या नावेला शांत करणं सोपं. केरळात वैकम इथे जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट चालते; तिथे एक्झॉस्टच नाही. खाडी ओलांडायला ते जमतं. पाच दिवसांच्या फेरीला बॅटरी अजून पुरत नाही.

कान तिसरा: माशाचा

धूर पाण्याखाली सोडला की किनारा सुखावतो, पण समुद्राचं काय? घोळ, ढोमा यांच्या कुळातले मासे हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून स्वतः आवाज काढतात, विशेषतः विणीच्या काळात. घोळीचा जो बोत लाखांच्या भावाने जातो, तीच ही पिशवी. खालच्या सुरांवर जगणाऱ्या या माशांना बोटीचा खालचा सूर अडथळा ठरावा, हे तर्काला धरून आहे. मात्र पाण्याखालच्या आवाजात बहुधा पंख्याचा वाटा मोठा असतो; त्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्यामुळे एक्झॉस्टवर फार दोष ठेवू नये, असं जहाजबांधणीचे जाणकार म्हणतात.

आणि शांत बोट माशाला कमी घाबरवते का? संशोधन-जहाजांसाठी १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर पाण्याखालच्या आवाजाच्या मर्यादा सुचवल्या गेल्या, त्यानुसार नॉर्वेने ‘जी. ओ. सार्स’ हे मुद्दाम शांत जहाज बांधलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत हेरिंग मासे जुन्या, गोंगाटी जहाजापेक्षा या शांत जहाजालाच जास्त बिचकले. याचा उलगडा अजून वादात आहे. आपल्याकडे डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. मोठी जहाजं आणि गाळ उपसणारी यंत्रं या पट्ट्यात आली की मच्छीमार बोटीच्या नळीचा वाटा त्यात किती, हे वेगळं काढणं आणखी कठीण होईल.

नियमांची जाळी आणि तिची भोकं

मोठ्या व्यापारी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ध्वनिसंहिता १ जुलै २०१४ पासून लागू आहे; मासेमारी बोटी तिच्या बाहेर. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २००७ च्या मासेमारी करारात राहण्याच्या जागेतला आवाज व हादरे कमी करण्याची अट आहे. भारताने त्यावर मोहोर उमटवलेली नाही. आपल्या नोंदणीत बोटीची लांबी-रुंदी येते, इंजिनाची अश्वशक्ती येते, आवाज येत नाही. गंमत अशी की बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याने नवा डिझेल जनरेटर आणला, तर तो झाकणासकट एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असावा लागतो. त्याच घराण्याचं इंजिन पाण्यावर गेलं की त्याला असा कोणताच आकडा लागू होत नाही.

आकडा लावावा का, यावर एकमत नाही. लावायचाच तर नव्या बोटींना लावावा, जुन्यांना अनुदानातून सायलेन्सर द्यावा, असं एक मत. दंडाची आणखी एक पावती कशाला, हे दुसरं. कोणत्या कानासाठी मोजायचं हे ठरल्याशिवाय मीटर कुठे धरायचा तेच ठरत नाही. सुकाण्यापाशी, पंचवीस मीटरवर की पाण्यात? तिन्ही ठिकाणी एकदम चांगली ठरणारी नळी आजवर कोणी बसवलेली नाही.

बदल झालाच तर तो जून-जुलैच्या मासेमारीबंदीतच होणार. बोटी ओढून शाकारल्या जातात, इंजिनघर उघडं पडतं आणि नळीपर्यंत हात पोचतो तो याच दोन महिन्यांत. तेव्हा मालकाच्या यादीत आधी फळ्यांच्या सांध्यांचा कापूस, मग रंग, मग पंख्याचा शाफ्ट, मग जाळी. सायलेन्सरपर्यंत येईतो पैसे बहुधा संपलेले असतात आणि नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आलेली असते.